दरोडेखोराला टाळ्या का पडतात?

चोराला लुटणाऱ्या चोराला शंभर वर्षांची क्षमा, अशा अर्थाची एक जुनी म्हण स्पॅनिश भाषेत आहे. मराठीत तिच्या जवळ जाणारा वाक्प्रचार 'चोरावर मोर' हा होय. परंतु दोहोंमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. मराठी माणूस मोराची हुशारी कबूल करतो. त्याला निर्दोष मात्र ठरवीत नाही. स्पॅनिश म्हण थेट न्यायासनावर जाऊन बसते आणि दुसऱ्या चोराला माफी देऊन मोकळी होते. या म्हणीचा उत्तरार्ध हेच नाव घेऊन 'सिएन आन्योस दे पेर्दोन', म्हणजे 'शंभर वर्षांची क्षमा', हा दानिएल काल्पार्सोरो यांनी दिग्दर्शित केलेला स्पॅनिश चित्रपट २०१६ साली पडद्यावर आला. बँकेवरील दरोडा हा त्याचा विषय. चकमकी, ओलीस धरलेली माणसे, पोलिसांचा वेढा, भुयार असे या प्रकारच्या चित्रपटाचे सर्व साहित्य त्यात आहे. तथापि, त्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या नावात आहे. त्या नावातच एक फिर्याद दडलेली आहे.

चित्रपट घडतो व्हॅलेन्सिया शहरात, धो धो पावसाच्या एका सकाळी. वेषांतर केलेली सशस्त्र टोळी एका बँकेच्या कार्यालयात शिरते. लॉकर फोडायचे, खाली खणून ठेवलेल्या भुयारातून भुयारी रेल्वेच्या एका बंद पडलेल्या स्थानकात उतरायचे आणि पसार व्हायचे, असा बेत असतो. पण पाऊस थांबत नाही आणि भुयारात पाणी भरते. दरोडेखोर आत अडकतात. हळूहळू प्रेक्षकाला कळते की या दरोड्यात नोटांपेक्षा मोलाची एक वस्तू आहे. एका राजकारण्याच्या लॉकरमध्ये सत्ताधाऱ्यांना अडचणीत आणणारी माहिती आहे, आणि ती बाहेर येऊ नये म्हणून सरकारी यंत्रणेची धावपळ सुरू झाली आहे. लुइस तोसार आणि रोद्रिगो दे ला सेर्ना यांनी रंगवलेले दरोडेखोर काही सज्जन नव्हेत. तरीही चित्रपट अर्ध्यावर येतो तेव्हा प्रेक्षकाला ते सुटावेत असे वाटू लागलेले असते.

असे का वाटावे? दरोडेखोराबद्दलची लोकांची सहानुभूती ही नवी गोष्ट नव्हे. श्रीमंताला लुटून गरिबाला देणाऱ्या बंडखोराच्या कथा सर्व देशांत आहेत. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत स्पेन आणि अर्जेंटिना या दोन देशांतून जे दरोडापट आले, त्यांतील सहानुभूती या लोककथांतून आलेली नाही. ती बँकेच्या काउंटरसमोरील रांगेतून आलेली आहे. म्हणून हे चित्रपट नीट समजून घ्यायचे असतील, तर ज्या बँका त्यांत लुटल्या जातात त्यांचाच इतिहास आधी पाहावा लागतो.

काउंटरवरचा विश्वास

स्पेनमध्ये 'काहा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बचत बँका पिढ्यान् पिढ्या चालत आल्या होत्या. त्या त्या प्रांतातील सामान्य माणसांची बचत सांभाळावी आणि नफ्यातून समाजोपयोगी कामे करावीत, हा त्यांचा मूळ हेतू. कालांतराने त्यांच्या संचालक मंडळांवर स्थानिक राजकारणी येऊन बसले आणि घरबांधणीच्या तेजीच्या काळात या बँकांनी बांधकाम व्यवसायाला मुक्तहस्ते कर्जे दिली. २००८ साली तेजीचा फुगा फुटला. डिसेंबर २०१० मध्ये माद्रिद आणि व्हॅलेन्सिया येथील दोन मोठ्या बचत बँकांसह एकूण सात बँका एकत्र करून 'बांकिया' ही बँक उभी करण्यात आली. तिचे अध्यक्षपद रोद्रिगो रातो यांच्याकडे होते. देशाचे माजी अर्थमंत्री आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे माजी प्रमुख अशी त्यांची ओळख होती. जुलै २०११ मध्ये बँकेचे समभाग जनतेला विकण्यात आले आणि मे २०१२ मध्ये सरकारला ती बँक ताब्यात घ्यावी लागली.

या पडझडीत सर्वांत जिव्हारी लागलेली गोष्ट होती अग्रहक्क रोख्यांची. अनेक बचत बँकांनी आपले भांडवल वाढवण्यासाठी हे रोखे लक्षावधी लहान ठेवीदारांच्या गळ्यात मारले. त्यांत निवृत्त माणसांचा भरणा मोठा होता. मुदतठेवीसारखेच सुरक्षित, पण व्याज थोडे अधिक, अशी अनेकांची समजूत करून देण्यात आली होती. ती समजूत करून देणारा काउंटरमागचा माणूस वर्षानुवर्षे ओळखीचा होता. पैसे परत मागण्याची वेळ आली तेव्हा कळले की ही ठेव नव्हतीच. पुढे रातो यांना बँकेच्या खात्यावर खासगी खर्च करण्याच्या 'काळ्या कार्डां'च्या प्रकरणात साडेचार वर्षांची शिक्षा झाली आणि २०१८ साली स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. समभागविक्रीच्या प्रकरणात मात्र २०२० साली ते निर्दोष सुटले.

काल्पार्सोरो यांच्या चित्रपटात दरोड्यासाठी व्हॅलेन्सियाच का, याचे उत्तर या पार्श्वभूमीत मिळते. त्या शहराने बचत बँकांची पडझड आणि राजकीय भ्रष्टाचाराची प्रकरणे दोन्ही जवळून पाहिली होती. त्यामुळे पडद्यावर बंदूक घेऊन बँकेत शिरणारा माणूस पाहताना प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहत होता तो असा, की यातला पहिला चोर कोण? पुढे २०१७ साली स्पॅनिश दूरचित्रवाणीवर आलेल्या आणि नंतर जगभर गाजलेल्या 'ला कासा दे पापेल' या मालिकेने हाच प्रश्न अधिक चतुराईने मांडला. तिच्यातील टोळी माद्रिदच्या सरकारी टांकसाळीत शिरते आणि कोणाचेही पैसे न घेता स्वतःच नव्या नोटा छापते. युरोपीय मध्यवर्ती बँकेने संकटकाळात बँकांसाठी पैसा निर्माण केला तेव्हा त्याला कोणी चोरी म्हटले नाही, मग आम्हीच तेवढे चोर कसे, असा टोळीच्या सूत्रधाराचा युक्तिवाद आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तो पटकन पटतो. त्यात एक खोट आहे, तिचा विचार पुढे करू.

अडीचशे पेसोंचा कोंडवाडा

स्पेनमध्ये जे रोख्यांच्या आडून झाले, ते अर्जेंटिनात सरकारी फर्मानाने उघडउघड झाले. १९९१ पासून तेथे एक पेसो म्हणजे एक डॉलर असा कायदा होता. चलनवाढीने पोळलेल्या देशाला त्यामुळे काही वर्षे स्वस्थता लाभली. लोकांनी बँकेत डॉलरची खाती उघडली, घरांची कर्जे डॉलरमध्ये घेतली. परंतु परकीय कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि २००१ साली ज्यांना वारा कुठल्या दिशेने वाहतो हे आधी कळते, त्यांनी आपला पैसा देशाबाहेर नेण्यास सुरुवात केली. अखेर डिसेंबरच्या पहिल्या दिवशी अर्थमंत्री दोमिंगो काव्हालो यांच्या पुढाकाराने फर्मान निघाले. खातेदाराला आठवड्याला रोख अडीचशे पेसोंहून अधिक काढता येणार नाहीत.

या निर्बंधाला लोकांनी नाव दिले 'कोरालितो'. रांगणाऱ्या मुलाला ठेवण्यासाठी जे लहानसे कुंपण करतात, त्याला स्पॅनिशमध्ये हा शब्द आहे. गुरांच्या कुंपणासाठी असलेल्या शब्दाचेच हे लघुरूप. मराठीत त्याला कोंडवाडा म्हणावे लागेल. त्यात कोंडला गेला होता तो देशातील मध्यमवर्गीय माणसाचा पैसा. १९ आणि २० डिसेंबरला लोक घरातील पातेली आणि झारे घेऊन रस्त्यावर आले. सरकारने आणीबाणी पुकारली, गोळीबार झाला, तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि राष्ट्राध्यक्ष फर्नांदो दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने प्रासादातून निघून गेले. ब्वेनोस आयरेसमधील बँकांनी आपल्या दर्शनी काचा लोखंडी पत्र्यांनी झाकून घेतल्या. त्या पत्र्यांवर हातोड्या आणि पातेली आपटणारी माणसे दंगेखोर नव्हती. ती कोट घातलेली, चष्मा लावलेली, निवृत्तिवेतनाची पुस्तके सांभाळणारी माणसे होती. पुढे निदर्शक ठेवीदारांचे नेतृत्व नितो आर्तासा नावाच्या एका विनोदी नटाने केले.

नवे राष्ट्राध्यक्ष एदुआर्दो दुआल्दे यांनी २००२ च्या पहिल्याच दिवशी, डॉलर ठेवणाऱ्याला डॉलरच मिळतील, असे वचन दिले. काही आठवड्यांतच ते मोडले. डॉलरच्या ठेवी एका डॉलरला एक पेसो चाळीस सेंटाव्हो या दराने सक्तीने पेसोंत बदलण्यात आल्या. त्याच वर्षी बाजारात डॉलर चार पेसोंच्या जवळ पोहोचला. बँकांकडून घेतलेली डॉलरची कर्जे मात्र एकास एक या दराने पेसोंत बदलली गेली. त्यात लहान कर्जदारांना दिलासा मिळाला हे खरे. पण ज्या बड्या उद्योगांची कर्जे मोठी होती, त्यांचा लाभही तेवढाच मोठा ठरला. काटकसरीने साठवणाऱ्याला शिक्षा आणि मोठे कर्ज काढणाऱ्याला सूट, असा हा हिशेब लोकांच्या मनात कायमचा कोरला गेला.

आश्चर्य असे की चित्रपटाने ही घटना घडण्याआधीच तिची चाहूल घेतली होती. फाबियान बिएलिन्स्की यांचा 'नुएव्हे रेइनास' हा चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला. दुर्मिळ टपाल तिकिटांच्या व्यवहारात गुंतलेल्या दोन ठगांची ही कथा. त्यातील थोरला ठग अनेकांना फसवून अखेर एक मोठा धनादेश मिळवतो आणि वटवण्यासाठी बँकेत धावत जातो, तर बँकेच्या बंद दारापुढे ठेवीदारांचा जमाव आरडाओरडा करीत उभा! सगळ्यांना फसवणाऱ्या ठगाला बँकेने फसवलेले असते. त्यावेळी तो एक चमकदार विनोद होता. वर्षभरानंतर तेच दृश्य ब्वेनोस आयरेसच्या रस्त्यावर दिसू लागले.

लॉकर कोणाचे होते?

१३ जानेवारी २००६ रोजी ब्वेनोस आयरेसजवळच्या आकासुसो या श्रीमंत वस्तीत 'बांको रिओ' या बँकेच्या शाखेवर दरोडा पडला. आत तेवीस ओलीस होते. बाहेर पोलिसांचा वेढा होता. दरोडेखोरांनी ओलिसांसाठी पिझ्झा मागवला. काही तासांनी पोलीस आत शिरले तेव्हा ओलीस सुखरूप होते, दरोडेखोर मात्र नव्हते. लॉकर फोडून, भिंतीतील भोकातून आधीच खणलेल्या भुयारात उतरून, पावसाच्या पाण्याच्या गटारातून रबरी होड्यांनी ते निघून गेले होते. मागे राहिल्या खेळण्यातील बंदुका आणि एक चिठ्ठी. श्रीमंतांच्या वस्तीत, शस्त्राविना आणि आकसाविना हे केले, गेला तो फक्त पैसा, असा तिचा आशय होता. काही आठवड्यांतच टोळीतील एकाच्या पत्नीने पोलिसांना माहिती दिली आणि बहुतेक जण पकडले गेले. लोकांनी मात्र या दरोड्याला 'शतकातील दरोडा' म्हणून डोक्यावर घेतले. त्याच नावाचा, 'एल रोबो देल सिग्लो' हा आरिएल विनोग्राद दिग्दर्शित चित्रपट जानेवारी २०२० मध्ये आला तेव्हा चित्रपटगृहे भरली. त्याच्या पटकथालेखनात मूळ दरोड्याच्या सूत्रधाराचाही सहभाग होता.

चित्रपट खेळकर आहे. दिएगो पेरेत्ती आणि गिल्येर्मो फ्रान्सेया यांची कामे उत्तम आहेत. परंतु टाळ्या वाजवून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. गेला तो पैसा कोणाचा होता? तो बँकेचा नव्हता, ग्राहकांच्या लॉकरमधील होता. आणि २००१ नंतर अर्जेंटिनात माणसे लॉकर का घेत होती? खात्यात ठेवलेला पैसा सरकार गोठवते, हा अनुभव घेतल्यामुळे! ज्यांनी खात्यावरचा विश्वास गमावून आपले डॉलर, आईचे दागिने, घर विकून आलेली रक्कम लोखंडी पेटीत आणून ठेवली, त्यांच्यावरच हा दुसरा घाला होता. त्यांतील काही अतिश्रीमंत असतील, सर्वच नव्हते. लॉकरमध्ये काय ठेवले याची नोंद बँकेकडे नसते, त्यामुळे काय गेले हे सिद्ध करणेही त्यांच्याच माथी आले. 'आकसाविना' हा शब्द लिहिणाऱ्याला शोभला; ज्याची पेटी फुटली त्याला तो कसा शोभावा?

स्पॅनिश मालिकेतील युक्तिवादाची खोटही हीच आहे. नोटा छापताना कोणाच्या खिशातून काही काढले नाही, असे म्हणता येते. पण ज्या चलनात निवृत्तिवेतन मिळते त्या चलनावरचा विश्वास हीच सामान्य माणसाची मालमत्ता असते. मध्यवर्ती बँकेने तो विश्वास गैरवापरला असे मानले, तरी तोच गैरवापर मुखवटा घालून केल्याने त्याचा न्याय होत नाही. पहिल्या चोराला जाब विचारायचा राहूनच जातो आणि ज्याचे गेले तो कथेतून बाहेर फेकला जातो. शंभर वर्षांची क्षमा देणाऱ्या म्हणीत दोन चोर आहेत; मूळ मालकाला तिच्यात जागाच नाही.

भोळ्यांची मोहीम

हा विसरलेला मालक ज्या चित्रपटात नायक होतो, तो म्हणून या मालिकेतील सर्वांत श्रेष्ठ ठरतो. 'ला ओदिसेआ दे लोस हिलेस' हा सेबास्तियान बोरेन्स्टाइन यांचा अर्जेंटिनी चित्रपट २०१९ साली आला. एदुआर्दो साचेरी यांच्या, २०१६ चे आल्फाग्वारा पारितोषिक मिळालेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे आणि २०२० साली स्पेनच्या गोया पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट इबेरो-अमेरिकी चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला. 'हिल' हा तेथील बोलीतला शब्द. भोळसट, सहज फसणारा असा त्याचा अर्थ. राबणारा, प्रामाणिक, नियम पाळणारा माणूस हाही 'हिल'च समजला जातो, हे चित्रपट सुरुवातीलाच सांगून टाकतो.

कथा २००१ सालची, ब्वेनोस आयरेस प्रांतातील एका खेड्याची. पेट्रोल पंप चालवणारा एकेकाळचा फुटबॉलपटू पेर्लासी आणि त्याची पत्नी गावकऱ्यांना एकत्र करतात. गावात धान्य साठवणुकीचा एक बंद पडलेला कारखाना आहे. तो विकत घेऊन सहकारी संस्था काढायची. घरोघर फिरून वर्गणी गोळा होते. कोणी आयुष्यभराची बचत देतो, कोणी थोडीच रक्कम देतो, पण देतो. सहकाराच्या वातावरणात वाढलेल्या मराठी वाचकाला हा भाग अगदी ओळखीचा वाटेल. जमलेले डॉलर बँकेच्या लॉकरमध्ये सुरक्षित असतात. कर्ज मंजूर व्हायचे तर रक्कम खात्यात दिसली पाहिजे, असे सांगून बँकेचा व्यवस्थापक पेर्लासीला ती खात्यात भरायला लावतो. लगेचच कोरालितो लागू होतो. व्यवस्थापकाला आणि त्याच्या एका वकील मित्राला हे आधीच ठाऊक असते. गावाचे डॉलर त्या वकिलाने कर्जाच्या नावाखाली उचललेले असतात. पाठोपाठ मोटार अपघातात पेर्लासीची पत्नी जाते.

काही काळाने गावकऱ्यांना सुगावा लागतो की वकिलाने एका ओसाड कुरणात जमिनीखाली तिजोरी बांधून पैसा दडवला आहे. मग सुरू होतो हौशी माणसांचा दरोडा. त्यांत एक अराज्यवादी म्हातारा आहे, एक पेरॉनवादी रेल्वे कर्मचारी आहे. तत्त्वांवरून दोघे भांडत असतात. पेर्लासीचा मुलगा झाडांची निगा राखणारा माळी बनून वकिलाच्या कचेरीत शिरतो. विल्यम वायलर यांच्या १९६६ च्या एका हॉलिवूडपटातील क्लृप्ती ते उचलतात. धोक्याची घंटा विनाकारण पुन्हा पुन्हा वाजवायची, म्हणजे मालक कंटाळून तिच्याकडे लक्ष देणे सोडतो. अखेर वादळी रात्री वीजपुरवठा उडवून देऊन ते तिजोरी गाठतात. पेर्लासीची भूमिका रिकार्दो दारिन यांची आहे. 'नुएव्हे रेइनास'मध्ये बँकेच्या बंद दारापुढे धनादेश घेऊन उभा राहिलेला ठगही त्यांनीच रंगवला होता. एकोणीस वर्षांत त्याच नटाने ठगापासून ठेवीदारापर्यंतचा प्रवास केला, हा योगायोग मोठा बोलका आहे.

या चित्रपटात टाळी पडते ती हुशारीला नव्हे. हे गावकरी बँक लुटत नाहीत, अनोळखी माणसाचा लॉकर फोडत नाहीत. पैसा कोणाचा, कोणी नेला आणि तो कशासाठी गोळा झाला होता, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रेक्षकापुढे स्पष्ट असतात. चोरावर मोर होण्याची त्यांना हौस नाही. त्यांना आपली सहकारी संस्था काढायची आहे.

अर्थात येथेही चित्रपटाला जीवनाचा पर्याय समजून चालणार नाही. प्रत्यक्षातील हजारो पेर्लासींना कुरणातील तिजोरी सापडली नाही. त्यांनी केले ते कंटाळवाणे काम. अर्ज लिहिले, वकील गाठले, संरक्षण मागणारे दावे दाखल केले आणि तारखांची वाट पाहिली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तीचे पेसोकरण वैध ठरवले. पुढे २७ डिसेंबर २००६ रोजी, आकासुसोच्या दरोड्यानंतर अकरा महिन्यांनी, त्याच न्यायालयाने एका ठेवीदाराच्या दाव्यात सूत्र घालून दिले. एक डॉलरला एक पेसो चाळीस सेंटाव्हो, त्यावर महागाईनुसार वाढ आणि वार्षिक चार टक्के व्याज. त्या वेळच्या विनिमय दराने ती रक्कम मूळ डॉलरच्या जवळपास जात होती. यासाठी पाच वर्षे लागली. वाट पाहून थकलेल्या कित्येकांनी त्याआधीच तोटा सोसून तडजोड केली होती. या पाच वर्षांवर कोणी चित्रपट काढला नाही आणि काढला तरी तो चालला नसता. रबरी होडीला प्रेक्षक असतात. न्यायालयाच्या ओट्यावर फायली घेऊन बसलेल्या वृद्धाला नसतात.

म्हणून या चित्रपटांकडे पाहताना दोन गोष्टी मनात ठेवाव्यात. दरोडेखोराला टाळ्या वाजवणारा समाज बिघडलेला आहे, असे म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. ती टाळी ही एक तक्रार आहे, आणि ज्या बँकांनी व शासनांनी दिलेले वचन मोडले त्यांनी ती ऐकली पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, ती टाळी म्हणजे न्याय नव्हे. भरलेली रक्कम मागितल्या दिवशी परत मिळावी, एवढीच भोळ्या माणसाची मागणी असते. ही मागणी दिवसाउजेडी, काउंटरवर, पावतीनिशी पुरी झाली असती, तर पेर्लासीने आपला पेट्रोल पंप सोडून वादळी रात्री त्या कुरणात पाऊलही टाकले नसते.